‘आई घरीच होती’, मग जीवनवृत्तांतात लिहायचं काय?

आलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘आई मागच्या महिन्यात देवाघरी गेली. ७४ वर्षांची होती. लग्नानंतरचं सगळं आयुष्य दारव्ह्याकडच्या आमच्या खेड्यातच गेलं. आता घरच्या अंगणात स्मरणभक्ती, म्हणजे तिच्या आठवणीची प्रार्थनासभा, ठेवली आहे आणि जीवनवृत्तांत मी वाचायचा आहे. लिहायला बसलो तर दहा ओळींत संपतंय. जन्म, लग्न, चार मुलं, महिला मंडळ, आजार. आई घरीच होती, सांगण्यासारखं काय असणार? भाऊ म्हणतो, नुसती वचनं वाच. गावातले निम्मे लोक ख्रिस्ती नाहीत, ते येणारच. आणि बाबांच्या दारूचं काय करायचं? सोडून वीस वर्षं झाली, पण गाव विसरलेलं नाही. बहीण रविवारी पेटी-कपाट आवरायला येते आहे, त्याआधी काही सुचवता आलं तर सुचवा.’

सलाम. तुम्ही सांत्वन मागितलेलं नाही, मदत मागितली आहे, म्हणून सरळ कामाचं बोलतो. मी ३६ वर्षं यवतमाळ, वाशिम आणि अमरावती जिल्ह्यांतल्या खेड्यांच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पाळक, म्हणजे धर्मगुरू, होतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दफनविधी आणि स्मरणभक्त्या काही सुटल्या नाहीत. जीवनवृत्तांत किती लिहिले, किती दुरुस्त करून दिले, याची मोजदाद नाही. त्यातले बरेच वाईट होते, आणि सुरुवातीचे वाईट माझेच होते.

पहिल्या नेमणुकीच्या गावात एका वयस्कर बाईंच्या दफनाला मी बायबलातल्या नीतिसूत्रे ३१ मधला सद्गुणी स्त्रीचा उतारा अख्खा वाचला. त्याला ‘प्रेमळ, कष्टाळू, प्रार्थनाशील, पाहुण्यांचं अगत्य करणाऱ्या’ असं शेपूट जोडलं आणि बसलो. कबरस्तानातून परतताना एक म्हातारी माझ्या बरोबरीने चालत होती. म्हणाली, ‘‘साहेब, हे तं तुमी मांगच्या महिन्यात त्या दुसऱ्या बाईले बी वाचलं होतं ना जी.’’ बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच वाटलं होतं की साहेबांच्या हातात चुकून जुना कागद आला.

तुमचं दहा ओळींत का संपतंय ते आधी बघू. जन्म, लग्न, मुलं, पद, आजार हा साचा तुम्ही रजिस्टरातून उचलला आहे. आमची विवाहाची रजिस्टरं १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातल्या नमुन्याप्रमाणे असतात. तारीख, नाव, वय, अविवाहित की विधुर-विधवा, हुद्दा किंवा धंदा, राहण्याचं ठिकाण, बापाचं नाव असे रकाने. आईच्या नावाला रकानाच नाही. आणि मी हाताळलेल्या जुन्या रजिस्टरांत नवरीच्या धंद्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी आडवी रेघ. अशा रेघा मीही ओढल्या आहेत. जनगणनेतसुद्धा नुसतं घरकाम करणारी बाई ‘काम न करणाऱ्यां’मध्ये धरतात. हे कागद समोर ठेवून बाईचं आयुष्य लिहायला बसलं तर दहा ओळी भरल्या हेच पुष्कळ.

आता दुसरा कागद बघा. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९. यापोत टबीथा नावाची शिष्या वारली. लोकांनी येशूचा शिष्य पेत्र याला बोलावून आणलं आणि माडीवर नेलं. तिथे विधवा रडत उभ्या होत्या, आणि ती असताना तिने केलेले अंगरखे आणि वस्त्रं त्याला दाखवत होत्या. टबीथाचं लग्न झालं होतं का, मुलं किती, घराणं कोणतं, यातलं काहीही तिथे लिहिलेलं नाही. ती सत्कर्मं आणि दानधर्म करायची एवढं एका ओळीत येतं आणि मग लगेच कपडे. मी तो प्रसंग शंभरदा तरी वाचून दाखवला असेल, पण त्या बायकांकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. पेत्र आल्यावर त्यांनी गुणवर्णन केलं नाही, हातातला कपडा पुढे केला. कदाचित अंगावरचाच दाखवला असेल. पुढे पेत्राने तिला जिवंत केलं, तो चमत्कार आपल्या हातात नाही, पण कपडे दाखवणं आपल्याला जमतं. मी खाली जे सांगतोय ते सगळं याच्यातलंच आहे.

म्हणून बहीण आली की पेटी दोघांनी मिळून उघडा, पण आवरू नका. काही फेकू नका, धुऊ नका, वाटूही नका. लुगडी-साड्या कोणाला द्यायच्या ते महिन्याने ठरवलं तरी चालतं.

आधी बायबल हातात घ्या आणि बंद असतानाच कडेने बघा. जास्त हाताळलेली पानं कडेला काळपट दिसतात. आपल्याकडच्या बायांच्या बायबलात ती बहुधा मधोमध असतात, स्तोत्रांपाशी. तिथे उघडा. हळदीचा अंगठा असेल, तेलाचा डाग असेल. पानांत काय काय दडवलंय ते बघा: दवाखान्याची चिठ्ठी, विजेचं बिल, नातवाचा फोटो, बियाण्याच्या पाकिटाचा तुकडा. प्रत्येक वस्तू कोणत्या पानावर होती ते लिहून मगच काढा. एकदा सगळं काढून ढीग केला की ती माहिती परत मिळत नाही.

वाशिमकडच्या एका घरात आईच्या बायबलात १२१ व्या स्तोत्राच्या समासात पेन्सिलीने सात तारखा होत्या. नुसत्या तारखा. मुलांना काहीच माहीत नव्हतं. मी आणि दोघं भाऊ जुनी कॅलेंडरं, शाळेचे दाखले, मोबाइलमधले फोटो घेऊन संध्याकाळभर बसलो. पाच तारखा उलगडल्या. तीन वेळा थोरला सुट्टीवरून नोकरीच्या गावी परत गेला होता. एक सुनेच्या बाळंतपणाची. एक मार्च २०१४ ची आणि तिच्यापुढे एकच शब्द: ‘गारा’. त्या वर्षीच्या गारपिटीने उभा गहू आणि हरभरा झोपवला, ते दोघांनाही लख्ख आठवत होतं. किती नुकसान झालं, तलाठी कधी आला, किती पैसे मिळाले, सगळं पाठ. आईने त्या रात्री कोणतं स्तोत्र काढलं होतं ते मात्र माहीत नव्हतं, एकाच छताखाली झोपलेले असून. दोन तारखा लागल्याच नाहीत. जीवनवृत्तांतात त्याही तशाच वाचल्या, की या दोन दिवशी काय झालं ते आईलाच ठाऊक. वाचून झाल्यावर धाकटी मावशी पुढे आली आणि त्यातली एक तिने ओळखली. कोणती, ते इथे लिहीत नाही.

आईला वाचता येत नसेल तर बायबल कोरं निघेल. त्याने खट्टू होऊ नका, ती ते कोणाकडून वाचून घ्यायची ते शोधा. एक आजी नातीकडून रोज एक अध्याय ऐकायची. नात खेळायच्या घाईत मधल्या दोन ओळी गाळायची आणि आजी डोळे मिटूनच म्हणायची, ‘‘मागं जा.’’ अक्षर न ओळखणाऱ्या बाईचं बायबलचं ज्ञान याहून चांगलं कसं सांगणार?

बायबलानंतर बाकीची पेटी. दानाचं पाकीट, महिला मंडळाची वही, डब्यातली डबी, पदराच्या गाठीतले सुटे. यावर जास्त सांगत नाही, दिसेल ते तुम्हाला कळेल.

मग माणसांकडे जा. नातेवाइकांकडे शेवटी जा, कारण त्यांच्याकडे ठरलेली वाक्यं असतात. आधी शेजारीण, किराणा दुकानदार, आशाताई, आईबरोबर कापूस वेचणीला जाणाऱ्या बाया. आणि ‘‘आई कशा होत्या?’’ असं अजिबात विचारू नका. ‘‘लय चांगल्या होत्या बापा’’ यापलीकडे काही मिळणार नाही, कारण प्रश्नच तेवढा आहे. असं विचारा: आईने तुम्हाला शेवटचं काय दिलं होतं? तुम्ही तिच्याकडून काय मागून न्यायच्या? ती कशावरून चिडायची? तुमच्या घरी कोणी आजारी पडलं तेव्हा ती आली होती का, आणि येऊन काय केलं? चिडण्याचा प्रश्न गाळू नका. त्याच्यावर लोक हसतात, आणि हसले की खरं बोलायला लागतात.

एका शेजारणीने अशा प्रश्नाला दिलेलं उत्तर मी अजून सांगत असतो. ‘‘काय मागून न्यायच्या?’’ विचारलं तर ती म्हणाली, ‘‘इरजन.’’ वीसेक वर्षांपूर्वी एकदा तिचं दही बिघडलं, तिने या वारलेल्या काकूंकडून वाटीभर विरजण नेलं, आणि तेव्हापासून तेच चालू आहे. रोज थोडं मागे ठेवायचं, दुसऱ्या दिवशी लावायचं. ‘‘त्यायच्या घरचं इरजन माह्या घरी आजबी हाय,’’ असं म्हणून ती आत गेली आणि दह्याचा गंज, म्हणजे पातेलं, आणून दाखवला. काकूंच्या स्वतःच्या घरी दवाखान्याच्या धावपळीत दही लावणं मोडलं होतं. सून वाटी घेऊन शेजारी गेली आणि सासूचं विरजण परत घरी आणलं. त्या जीवनवृत्तांतात मी फक्त हे घडलं तसं लिहिलं. त्याच्या खाली ‘अशा रीतीने त्या आजही आपल्यात आहेत’ असं वाक्य मुलाने जोडलं होतं, ते मी काढायला लावलं. लोकांना कळतं.

‘आई घरीच होती’ हे वाक्य तर खोडूनच टाका, कारण ते खोटं आहे. दारव्ह्याकडच्या शेतकऱ्याच्या घरात बाई घरीच असते असं मी तरी पाहिलेलं नाही. निंदण कोणी केलं? दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचायला पहाटे कोण निघालं? कापूस निघाल्यावर चुलीसाठी पऱ्हाट्या कोणी रचल्या? उन्हाळ्यात पाणी किती लांबून यायचं आणि कोणाच्या डोक्यावर? सरकारने २०१९ मध्ये लोकांच्या दिवसातली मिनिटं मोजली तेव्हा घरकाम करणाऱ्या बाया रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात असं निघालं. पुरुषांची ९७, आणि तीही जे पुरुष मुळात घरकाम करतात त्यांची. शेतातलं काम या पाच तासांत धरलेलं नाही.

पण हे आकडे तुमच्यासाठी आहेत, मंडपासाठी नाहीत. मी एका स्मरणसभेत मुलाला हिशेब वाचताना ऐकलं आहे: रोज इतक्या भाकरी, गुणिले ३६५, गुणिले पन्नास वर्षं. लोकांनी माना डोलावल्या, मागे दोन पोरं हसली, आणि बाईच्या हातची एकही भाकर कोणाला दिसली नाही. त्यापेक्षा एकच काम घ्या आणि ते जवळून दाखवा. एका मुलीने असं लिहिलं होतं की आई वेचणीहून आली की उंबऱ्याबाहेर उभी राहून पदराला चिकटलेला कचरा झटकायची आणि मग आत यायची. बोंडांची टोकं लागून तिच्या नखांच्या कडेला चिरा पडलेल्या असायच्या, म्हणून वेचणी संपेपर्यंत घरात तिखट-मीठ कालवायचं काम या मुलीकडे होतं. ‘दुसरीत होते तेव्हापासून मला मिठाचा अंदाज आहे,’ हे तिचं वाक्य. मंडपातल्या निम्म्या बायांनी आपापल्या बोटांकडे पाहिलं. त्यांच्यात ख्रिस्ती किती होत्या नि नव्हत्या किती, कोणास ठाऊक.

आता विश्वासाचं. तुमची आई भक्तिमान होती हे तुमच्या प्रश्नातून कळतंच, पण ‘प्रार्थनाशील होती’ हा शब्द मी तुम्हाला वापरू देणार नाही. किती वाजता, कुठे, कशी ते लिहा. चुलीपाशी की खाटेवर? डोक्यावर पदर घेऊन गुडघ्यावर, की पाठ दुखायला लागल्यापासून भिंतीला टेकून? मोठ्याने की ओठांत? आणि एक गोष्ट आवर्जून करा. चारही भावंडं बसा आणि आईच्या प्रार्थनेतला नावांचा क्रम आठवा. प्रत्येक ख्रिस्ती घरात आईच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत एक यादी असते आणि ती रोज त्याच क्रमाने येते. प्रत्येक पोराला आपलं नाव कितवं ते पाठ असतं, कारण त्याच्यानंतर किती वेळ डोळे मिटून बसायचं याचा त्याने हिशेब केलेला असतो. पहिलं नाव कोणाचं होतं? घराबाहेरचं कोणाचं नाव होतं? यादीत नवीन नाव कधी आलं आणि का? मी एका घरात विचारलं तर कळलं की आईच्या यादीत वर्षानुवर्षं एक नाव होतं ते कोणाचं, हेच मुलांना माहीत नव्हतं. ती बांधावरून भांडण असलेल्या शेजाऱ्याची थोरली मुलगी निघाली, सासरी त्रास होता तिला. भांडण मिटलेलं नव्हतं, बोलणं बंदच होतं.

बिगरख्रिस्ती मंडळींबद्दल विचारलंत. त्यांच्यासाठी वेगळं काही लिहू नका, फक्त आपली चर्चमधली भाषा कमी करा. ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या’ असं मी एकदा वाचलं तर पुढे बसलेल्या एका पोराने शेजारच्या बाईला विचारलं, ‘‘झोपल्या हाय तं उठवत काऊन नाही?’’ तेव्हापासून मी ‘वारल्या’ किंवा ‘देवाघरी गेल्या’ म्हणतो. देवाघरी गेल्या हे सगळ्या गावाला कळतं. महिला मंडळ, शब्बाथ शाळा, प्रभुभोजन, यातलं जे येईल ते अर्ध्या वाक्यात समजावून पुढे जा.

उलट गावाशी तिचं जे होतं ते मोकळेपणाने सांगा. पोळ्याला बैल दारात आले की आई काय करायची? कुंकू न लावता त्यांना काय चारायची? हळदीकुंकवाला बोलावणं आलं तर जायची का, आणि गेली तर काय म्हणायची? कपाळ मोकळं आणि मंगळसूत्रात क्रूस, यावरून नवी नवरी असताना तिला पाणवठ्यावर कोणी काही बोललं होतं का? नाताळात करंज्या-शंकरपाळ्यांची ताटं कोणत्या घरांत जायची आणि दिवाळीला तिकडून काय यायचं? हे सगळं गावाने पाहिलेलं आहे. श्रद्धा घट्ट होती आणि माणसं तुटली नाहीत, हे असं दोन-तीन प्रसंगांतून आपोआप येतं. एखाद्या गोष्टीवर ती अडली असेल, प्रसाद खाल्ला नसेल, कोणाला राग आला असेल, तर तेही येऊ द्या. गाव त्याने दुखावत नाही. आई सगळ्यांना सगळंच हो म्हणायची असं लिहिलंत तर मात्र ओळखणारे लोक गप्प बसतील आणि मनात म्हणतील, ही कोणाची गोष्ट चालली आहे?

बाबांची दारू. यात मी एकदा चुकलो आहे. अशाच एका घरी मुलांच्या सांगण्यावरून मी ‘पन्नास वर्षांचा सुखी संसार’ असं वाचलं. मागच्या रांगेतल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. त्या क्षणापासून मी जे काही वाचलं त्यातलं त्यांनी काहीही खरं मानलं नसणार, आणि त्यात बरंच खरं होतं. मात्र माइक हातात आहे म्हणून बापाचा हिशेब चुकता करणं हेही मी पाहिलं आहे आणि ते त्याहून वाईट. त्या दिवशी लोक घरी जाताना बापाबद्दल बोलत गेले, आईबद्दल कोणी बोललंच नाही.

तुमच्या बाबतीत बाबा हयात आहेत आणि वीस वर्षं कोरडे आहेत, म्हणून पहिली गोष्ट, त्यांना विचारल्याशिवाय एक शब्द लिहू नका. त्यांच्याजवळ एकटे बसा, भावंडांची फौज नेऊ नका. विचारा, ‘‘बाबा, ती वर्षं लिहू का? आणि लिहायची तर तुम्ही कशी सांगाल?’’ ते नको म्हणाले तर ‘सुखी संसार’ हे शब्द तेवढे टाळा आणि पुढे चला. हो म्हणाले तर दोन-तीन वाक्यं पुरेत, आणि त्यांत कर्ता आई असू द्या. म्हणजे साधारण असं: ‘मधली काही वर्षं आमच्या घरात कठीण होती, आणि ती का कठीण होती हे इथे बसलेल्यांना माहीत आहे. त्या वर्षांत आईने शिवणयंत्र घेतलं, आमची एकही फी थकू दिली नाही, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत बाबांचं नाव पहिल्यापासून दुसरं कधी झालं नाही.’ शिवणयंत्र मी माझ्या मनाने घातलं आहे. तुमच्याकडे जे असेल ते घाला, आणि नावाचा क्रम खरा असेल तरच लिहा. ती त्या वर्षांत माहेरी निघून गेली असेल, भांडली असेल, तर ‘निमूटपणे सोसलं’ असं चुकूनही लिहू नका. सोसण्याचं कौतुक करायची आपल्या मंडळ्यांना फार सवय आहे, आणि समोर बसलेल्या ज्या बाईच्या घरी आज रात्रीही तेच होणार आहे, तिला ते ऐकवायचं पाप मला पुन्हा करायचं नाही.

एका गावात मुलगा या जागी पोचला तेव्हा म्हातारे वडील खुर्चीवरून उठले. ‘‘थांब, हे मी सांगतो,’’ म्हणाले, दोन वाक्यं बोलले आणि बसले. ते ठरवून नव्हतं. तशी अपेक्षा बाबांकडून धरू नका, पण उठलेच तर अडवूही नका.

भावाचं म्हणणं अगदीच मोडीत काढू नका. वचन हवंच, पण एकच, आणि आईचं. नीतिसूत्रे ३१ मधल्या त्या उताऱ्यात २२ ओव्या आहेत. मूळ इब्रीत प्रत्येक ओवी पुढच्या अक्षराने सुरू होते, आपल्याकडे क, ख, ग करत जावं तशी. म्हणून त्यात सगळंच येतं, शेत विकत घेणं, द्राक्षमळा लावणं, सूत काढणं, घरच्यांना किरमिजी वस्त्रं. कोणत्याही एका बाईला ते अख्खं बसत नाही. त्यातली आईची ओवी शोधा. रात्र सरायच्या आत उठून घरादाराला जेवण देते ती असेल, किंवा रात्री जिचा दिवा विझत नाही ती. शेवटच्या ओवीत म्हटलंय की तिची कृत्येच वेशीत तिची प्रशंसा करोत. वेस म्हटल्यावर आपल्या गावातल्या माणसाला समजवायला लागत नाही. भावाला ते एक वचन सुरुवातीला वाचू द्या. आणखी एक हवंच असेल तर रोमकरांस पत्राच्या १६ व्या अध्यायात प्रेषित पौल रूफ नावाच्या माणसाला सलाम पाठवतो आणि त्याच्या आईलाही, जी मलाही आईच होती म्हणतो. पौलाला तिने काय रांधून घातलं ते त्याने लिहिलं नाही, एवढीच माझी तक्रार आहे. तुमच्या मंडपात असे दोन-चार पौल असतीलच, त्यांना आधी गाठा.

तारखांचं पटकन सांगतो. आधारवर आईची जन्मतारीख १ जानेवारी असेल तर तिच्यावर विसंबू नका, त्या पिढीच्या कित्येक बायांना ती तारीख कोणीतरी अंदाजाने चिकटवलेली आहे. लहानपणी बाप्तिस्मा झाला असेल तर माहेरच्या मंडळीच्या रजिस्टरात बघा. कोणत्या मिशनचं गाव त्यावर ते कुठे असेल हे ठरतं. यवतमाळकडे बहुतेक फ्री मेथडिस्ट, अकोला-अमरावतीकडे अलायन्स, वाशिम-बुलडाण्याकडे नाझरीन. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे काही जुनी चर्चेस एक होऊन झालेलं चर्च, १९७० साली नागपुरात स्थापन झालं, तेव्हा त्यातल्या मंडळ्यांचे त्याआधीचे कागद जुन्या मिशनच्या नावाने असतात.

आणि रजिस्टर उघडलंच आहे तर आजी-पणजीपर्यंत जा. विदर्भातल्या कित्येक ख्रिस्ती घरांची सुरुवात १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयात आलेल्या एखाद्या पोरीपासून होते. तिच्या मागचं गाव, जात, आईबाप, काही नोंदलेलं नसतं. कधी कधी नावसुद्धा तिथेच दिलेलं. अशी पणजी निघाली तर लपवू नका. तुमच्या आईला कोणाला उपाशी परत पाठवता यायचं नाही, याचा उगम तिथे असेलही. नसेलही, म्हणून ‘त्यामुळे’ हा शब्द न वापरता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा.

आईचं स्वतःचं नाव सुरुवातीलाच घ्या, माहेरच्या आडनावासकट. गावात तिला चाळीस वर्षं कोणीतरी ‘अमक्याची माय’ म्हणूनच हाक मारली असणार. तिचं पाळण्यातलं नाव ऐकून शेजारणी चकित होतात, हे मी प्रत्येक वेळी पाहतो.

वाचायला सात-आठ मिनिटं, त्याहून जास्त नको. मोठ्या अक्षरात हाताने लिहिलेली तीन-चार पानं, मोबाइलवरून वाचू नका, ऐन वेळी कोणाचा तरी फोन येतो. दुसरी प्रत बहिणीच्या हातात द्या. तुमचा गळा दाटला तर ती तिथून पुढे वाचेल, माफी मागत बसायची गरज नाही. लाइट जाईल हे गृहीत धरा आणि माइकशिवाय एकदा अंगणात मोठ्याने वाचून बघा.

एवढं पुष्कळ झालं. रविवारी बहीण आली की बायबल आधी कडेने बघा, आणि त्याच्याही आधी शेजारी विचारून या की आईकडून कोणी विरजण नेलं होतं का.